कोटेशनमधली शेवटची ओळ

२०२४ च्या मे महिन्यात आमच्या नातवाच्या आवर्ती ठेवीची मुदत संपली. दरमहा हजार रुपये, पाच वर्षे. वाढदिवसाची पाकिटे, मामाने निघताना हातावर ठेवलेल्या नोटा, आणि कमी पडतील तेवढे आजीचे. व्याजासकट रक्कम सत्तर हजारांच्या थोडी वर गेली. चौदा वर्षांच्या मुलाला 'या पैशांचे काय करू या?' असे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. पण खाते त्याच्या नावाचे होते, म्हणून मी विचारले. तो म्हणाला, "आजोबा, मला गेमिंग पीसी बनवायचाय." 'घ्यायचाय' नव्हे, 'बनवायचाय'!

घरात व्हायचे ते झाले. सूनबाई म्हणाल्या, "दहावी दीड वर्षावर आलीय, आणि आता हे?" आजीने 'एवढ्या पैशांत सोन्याचं वळं झालं असतं' हे नोंदवून ठेवले. मुलगा मात्र काहीच बोलला नाही. ताट उचलून आत गेला. त्याच्या न बोलण्याचे कारण मला ठाऊक होते. ते पुढे येईलच.

मी एकच अट घातली. खर्च पासष्ट हजारांच्या आत, बाकीचे राखीव. आणि खरेदीआधी कोटेशन लिहून आणायचे, त्यातली प्रत्येक ओळ मला समजेल अशी सांगायची. जन्मभर बँकेत दुसऱ्यांची कोटेशने वाचली, तेव्हा एवढे तर मला येते असे वाटत होते.

पहिल्याच बैठकीत आमचे चुकले. तो भागांची नावे सांगत होता आणि मी किमती विचारत होतो. शेवटी दोघांच्याही लक्षात आले की, पहिला प्रश्न तिसराच आहे : कोणते गेम खेळायचे आणि केवढ्या पडद्यावर? पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे वीस लाख त्र्याहत्तर हजार ठिपके असतात. 'फोर के' म्हणवणाऱ्या पडद्यावर बरोबर त्याच्या चौपट. खेळ गुळगुळीत दिसायचा तर सेकंदाला साठ वेळा ही रांगोळी पुसून नव्याने काढायची; म्हणजे एका रांगोळीला जेमतेम सतरा मिलिसेकंद. पडदा मोठ्या जातीचा निवडला की ठिपके वाढतात आणि ते रंगवणाऱ्याची मजुरीही वाढते. आम्ही चोवीस इंची फुल एचडीवर थांबलो. अर्धे अंदाजपत्रक तिथेच मार्गी लागले.

ही रांगोळी काढतो तो ग्राफिक्स कार्ड नावाचा भाग. गोळी कुठे गेली, गाडी कशाला धडकली, प्रतिस्पर्धी कोणत्या भिंतीआड लपला याचा हिशेब प्रोसेसर करतो, आणि त्या हिशेबाचे चित्र कार्ड काढते. लेखक आणि चित्रकार यांची जोडी म्हणा. एक सुस्त असला तर दुसरा नुसता बसून राहतो. म्हणून सगळा पैसा एकावर उधळून उपयोग नाही. 'व्हॅलोरंट'सारखा हलका गेम प्रोसेसरवर जास्त विसंबतो. 'सायबरपंक'सारखा भरजरी गेम कार्डाची परीक्षा घेतो. दोन्ही खेळायचे तर कार्डाला एकूण रकमेचा तिसरा हिस्सा, प्रोसेसरला सहावा, असा आमचा हिशेब बसला.

कार्डाच्या बाजाराचा इतिहास ऐकून माझ्यातला बँकवाला जागा झाला. २०२१ मध्ये ही कार्डे दुकानातून जवळजवळ गायबच झाली होती, कारण आभासी चलन 'खणणारे' ती घाऊक उचलत होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाची पद्धत बदलली, त्यासाठी कार्डे लागेनाशी झाली, आणि रात्रंदिवस राबलेली ती कार्डे जुन्या बाजारात आली. स्वस्त मिळतात, पण रात्रंदिवस चाललेल्या टॅक्सीचा मीटर पाहिल्याशिवाय ती घेऊ नये, आणि कार्डाला तर मीटरच नसतो. आम्ही वॉरंटीचे नवे कार्ड घ्यायचे ठरवले : आठ जीबी मेमरीचे रेडिऑन आरएक्स ६६००.

प्रोसेसरमध्ये फसगत नावाची असते. 'आय-सेव्हन गेमिंग पीसी, अमुक हजारांत' अशा जाहिराती पाहून मी हुरळलो, तर नातवाने मला बाजूला बसवले. "आजोबा, आय-सेव्हन हे आडनाव आहे. जन्मसाल पुढच्या आकड्यात असतं." ४७७० म्हणजे चौथी पिढी, २०१३ ची. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार हे तेव्हाच जाहीर झालेले होते. तसेच इंटेलच्या काही प्रोसेसरांच्या आकड्यामागे 'एफ' असते. त्यात चित्र दाखवण्याची स्वतःची सोय नसते. वेगळे कार्ड नसेल तर पडदा काळाच राहणार. एका अक्षराची केवढी किंमत!

आम्ही रायझन ५ ५६०० घेतला. सहा कोअर, खोक्यात पंखा, तीन वर्षांची वॉरंटी. तो ज्या एएम-४ जातीच्या मदरबोर्डावर बसतो ती जात २०१६ ची. २०२२ मध्ये आलेला एएम-५ घेतला असता तर पुढे नवा प्रोसेसर बसवायची सोय राहिली असती, पण त्यावर डीडीआर-५ मेमरीच चालते आणि सगळेच महाग पडत होते. बांधून झालेल्या जुन्या इमारतीत मोठी खोली, की नव्या इमारतीत लहान, असा हा सवाल होता. आम्ही मोठी खोली घेतली. मेमरी सोळा जीबी, पण एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन. दोन पट्ट्यांतून माहितीची ये-जा दोन रस्त्यांनी होते. आणि साठवणीला एक टीबीची एसएसडी, कारण एकेक गेम शंभर-दीडशे जीबी जागा अडवतो.

एका शनिवारी आम्ही डोंबिवलीहून निघालो, दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला उतरलो. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव पाटीवर आहे. लोकांच्या तोंडी अजून लॅमिंग्टन रोडच. याच रस्त्यावर मी २००० सालच्या दिवाळीआधी मुलाला घेऊन आलो होतो. पदपथावरची गर्दी तीच होती.

चार दुकाने फिरून एका ठिकाणी कोटेशन जवळजवळ जमले. तेवढ्यात नातवाचे लक्ष काचेच्या कॅबिनेटकडे गेले. आत सहा पंखे, प्रत्येकाला रंगीत दिवे, इंद्रधनुष्य गरगर फिरतेय. किंमत आमच्या साध्या, समोर जाळी असलेल्या कॅबिनेटपेक्षा अडीच हजारांनी जास्त. दुकानदार समजूतदार होता. म्हणाला, "साहेब, बजेटमध्येच बसवून देतो. एसएमपीएस साधा टाकू. कॉम्प्युटर तसाच चालणार, कोणाला कळणारसुद्धा नाही."

नातवाने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "आधी वडापाव खाऊ."

गाडीपाशी उभ्याउभ्या मी त्याला जे सांगितले ते घरात कधी बोलले गेले नव्हते. २००० साली त्याच्या बाबासाठी इथूनच असेंबल्ड कॉम्प्युटर घेतला होता. कोटेशन साडेअडतीस हजारांचे होते आणि त्यात चांगल्या कंपनीचा पॉवर सप्लाय वेगळा लिहिलेला होता. मी तासभर घासाघीस करून हजार रुपये कमी करून घेतले आणि विजयी मुद्रेने बिलावरची बेरीज तपासली. ओळी तपासल्या नाहीत. शेवटची ओळ बदलून 'कॅबिनेट, एसएमपीएससह' अशी झाली होती. त्या दिवशी मी एक गोष्ट शिकायला हवी होती : फार ताणले की दुकानदार भाव कमी करत नाही, वस्तू कमी करतो.

पुढच्या जुलैत एका रात्री वीज गेली, आली, पुन्हा गेली. घरात जळका वास सुटला. पॉवर सप्लाय गेला तो मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. त्या डिस्कवर माझ्या कादंबरीची सात प्रकरणे होती. पण माझ्याकडे हस्तलिखित होते. मुलाचा गेम होता. अकरावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्या त्या पोराने सुट्टीभर आणि नंतरही रात्री जागून क्रिकेटचा एक खेळ लिहिला होता. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी तेव्हा त्याला म्हणालो, "एवढं काय, खेळच होता ना?" त्याने पुन्हा प्रोग्रॅम लिहिला नाही. पुढे तो कॉमर्सला गेला, आणि चांगले चालले आहे त्याचे. पण ते वाक्य मला परत घेता आलेले नाही.

नातू बराच वेळ गप्प होता. मग एवढेच म्हणाला, "बाबांनी गेम बनवला होता?"

पॉवर सप्लायबद्दल जे कळले ते सांगतो. तो घरातली वीज घेऊन आतल्या भागांना लागेल तशी वाटून देतो. प्रत्येक भागाचा जीव त्याच्या हाती असतो. आमच्या कार्डाला १३२ वॉट आणि प्रोसेसरला ६५ वॉट अशी कंपन्यांची नोंद. बाकीचे धरून तीनशेच्या आत. साडेपाचशे वॉटचा सप्लाय भरपूर झाला. मोठा आकडा म्हणजे चांगला माल असे मात्र नाही. डब्यावर एकूण वॉट लिहिलेले असतात, पण कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः बारा व्होल्टच्या वाटेने वीज घेतात. त्या वाटेवर किती मिळते हे बाजूच्या बारीक तक्त्यात असते. तो तक्ता वाचावा. '८० प्लस'चा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, सुरक्षिततेची हमी देत नाही. म्हणून जास्त भार आला किंवा शॉर्ट झाले तर स्वतः बंद पडण्याची सोय आहे का, वॉरंटी किती वर्षांची, हेही विचारावे. आणि घरी येऊन आणखी एक पाहावे : भिंतीतल्या तिसऱ्या पिनेला खरोखर अर्थिंग आहे का? जुन्या इमारतींत पुष्कळदा ते भोक नुसतेच असते. आम्ही वायरमन बोलावून तपासून घेतले.

आम्ही दुकानात परतलो. मी काही बोललो नाही. पैसे त्याचे होते. त्याने काचेच्या कॅबिनेटकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "जाळीवालंच द्या. आणि एसएमपीएस कोटेशनमधलाच." मग बिल हातात घेऊन एकेक ओळ खोक्यांशी ताडून पाहिली. प्रोसेसर ११,०००, कार्ड २०,५००, मदरबोर्ड ८,०००, मेमरी ३,४००, एसएसडी ५,२००, पॉवर सप्लाय ४,३००, कॅबिनेट ३,६००, मॉनिटर ८,८००. एकूण ६४,८००, जीएसटीसह. राखीव रकमेतून विंडोजचा परवाना आणि बॅकअपसाठी एक बाहेरची डिस्क घेतली, कीबोर्ड-माऊस घरातलेच.

हे आकडे तुमच्या उपयोगाचे नाहीत. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची मागणी एवढी वाढली की पट्ट्यांचे भाव वर्षाच्या अखेरीस दुपटीच्याही पुढे गेले. भाव असे हलतात. तसे झाले तर एसएसडी लहान घ्यावी, जुना मॉनिटर आणखी वर्षभर वापरावा, कॅबिनेट साधे घ्यावे. या गोष्टी पुढे बदलता येतात. जी गोष्ट बिघडली तर बाकीच्यांना घेऊन जाते, तिथे मात्र कात्री लावू नये. बँकेत तीस-पस्तीस वर्षे बसून हे मला लोकांना सांगता येत होते. स्वतःच्या घरी कळायला एक डिस्क जळावी लागली.

रविवारी सकाळी बैठकीच्या खोलीत चटईवर जुळणी सुरू झाली. प्रोसेसर बसला, मेमरीच्या पट्ट्या 'टक्' आवाज करून बसल्या. मुलगा आंघोळ करून आला आणि दारातच उभा राहिला. पंधरवड्यात या विषयावर तो पहिल्यांदाच बोलला.

"एसएमपीएस कुठला घेतलायस?"

नातवाने खोके उचलून त्याच्या हातात दिले. त्याने चष्मा वर केला आणि बाजूचा बारीक तक्ता सावकाश, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. "बरोबर आहे," म्हणाला, आणि चटईवर बसून त्याने स्क्रू-ड्रायव्हर मागितला.

थोड्या वेळाने नातवाने विचारले, "बाबा, तुमच्या गेममध्ये एलबीडब्ल्यू होतं का?"

"होतं तर! तिथेच तर तीन आठवडे गेले होते माझे."

मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो. पाणी उकळून आटायला आले तरी बाहेर एलबीडब्ल्यूचेच चालले होते.