ठासणीची बंदूक तेलाने नाही, पाण्याने का साफ करतात?

लोखंडाला पाणी लागलं की गंज चढतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी ठासणीची बंदूक साफ करायची तर तिच्या नळीत पाणीच ओततात, तेही गरम. कारण आहे दारूत.

काळी दारू म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. ती जळल्यावर निम्म्याहून जास्त भागाचे घन क्षार होतात. काही धुरासोबत उडतात, बाकीचे नळीला चिकटतात आणि हवेतला ओलावा ओढून घेतात. कोकणातल्या पावसाळी हवेत अशी बंदूक रात्रभर तशीच ठेवली, तर सकाळी आत गंज दिसू शकतो. हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. वरून नुसतं तेल फासलं तर खाली गंज चालूच राहतो.

पण पाण्याच्याही आधी एक काम. बंदूक भरलेली नाही ना, हे बघणं. ठासणीची बंदूक उघडून बघता येत नाही, म्हणून गज नळीत तळापर्यंत सोडायचा, तोंडाशी बोटाने खूण धरायची आणि तोच गज नळीला बाहेरून लावून बघायचा. टोक निपलच्या जागेपर्यंत पोहोचलं नाही, तर आत बार आहे. 'रिकामीच असेल' म्हणून भिंतीला टेकवलेली जुनी बंदूक सगळ्यात धोक्याची.

रिकामी असल्याची खात्री झाली की निपल काढून धुवावी, गजाला चिंधी गुंडाळून नळीत गरम पाणी फिरवावं. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवायचं. गरम पाण्याने नळी तापते, त्यामुळे लवकर सुकते. मग कोरडी चिंधी आणि शेवटी तेलाचा पातळ हात. लाकडी दस्त्याला मात्र पाणी लागू देऊ नये.

१९५९च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. निवडणुकीच्या काळात अशा बंदुका अनेकदा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. तिथे त्या कित्येक दिवस पडून राहतात, म्हणून धुऊन, तेल लावूनच द्याव्यात.

परत आल्यावर बार भरण्याआधी ते तेल पुसायला विसरू नये. तेलाने दारू भिजते, बार फुसका जातो किंवा उशिरा उडतो. केप वाजली आणि बार उडाला नाही, तर निदान एक मिनिट तरी नळीचं तोंड मोकळ्या दिशेलाच धरून ठेवायचं.