नवी कोरी की जुनी परदेशी?

मंडळी, बैलजोडी घ्यायची असली तर आपण किती चौकशी करतो! दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, धन्याच्या शेजाऱ्याला गाठून जनावराची खोड विचारतो. मोटार घ्यायची वेळ आली की मात्र हाच शहाणा माणूस रंग पाहून भाळतो. म्हणून आज हा विषय काढला.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत जमिनीला भाव आला. कुणाची भातखाचरे इमारतींखाली गेली, कुणाची वडोदरा-मुंबई महामार्गात गेली. सोनिवलीतले असे एखादे घर डोळ्यांपुढे आणा. पैसे बँकेत जमा झाले आहेत. धाकट्याला नवी कोरी, दोन दारांची, दणकट आणि जोरात पळणारी थार हवी आहे. थोरल्याच्या मोबाईलवर दुसरेच चित्र आहे: दहा वर्षांपूर्वी साठ-सत्तर लाखांना विकली गेलेली परदेशी बनावटीची आलिशान गाडी, आता पंधरा लाखांत. "तेवढ्याच पैशांत एवढी मोठी गाडी," असे तो आईला समजावतो आहे. आईला दोन्ही गाड्यांत फारसा रस नाही. तिला घराच्या गळक्या छपराचे पडले आहे. असो.

थोरल्याच्या बोलण्यातली गोम अशी की, पंधरा लाखांत मिळते ती केवळ गाडी. तिचा खर्च साठ लाखांच्या गाडीचाच राहतो. तिचा दिवा फुटला तर नवा दिवा आजच्या भावाने येतो. गिअर बॉक्स, हवेवर चालणारे सस्पेन्शन, आतले संगणकासारखे भाग, यांपैकी काहीही तुम्ही गाडी किती स्वस्तात घेतली हे विचारून येत नाही. बैल अर्ध्या किमतीत मिळाला म्हणून तो अर्धी वैरण खात नाही, तसेच हे. शिवाय गाडी जुनी, म्हणजे मोडतोडही तिचीच जास्त.

सचिन तेंडुलकरची फेरारी आठवते ना? 2002 साली फियाट कंपनीने ती त्याला भेट दिली. गाडी फुकटची, पण जकात तिच्या मूळ किमतीवर लागायची आणि ती एक कोटीच्या वर गेली. सरकारने जकात माफ केली तेव्हा गवगवा झाला, प्रकरण कोर्टापर्यंत गेले आणि शेवटी ती रक्कम फियाटने भरली. 2011 साली ती गाडी सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. सचिनसारख्याच्या गाडीला मागून कोटीचा आकडा चिकटतो, तर तुमच्या-आमच्या गाडीला काहीच चिकटणार नाही असे कसे धरून चालावे?

बरे, मेस्त्री कुठला? थार नाशिकला बनते, तिच्या ओळखीचा मेस्त्री तालुक्याच्या गावी सापडतो. परदेशी गाडी रुसली की तिला दुसऱ्या गाडीवर चढवून ठाणे किंवा नवी मुंबई गाठायची. त्यातून ती खाली बसकी असली तर गावातला प्रत्येक गतिरोधक तिचे पोट खरवडणार. आणि एक गोष्ट शहरातला विक्रेता सांगणार नाही: पेंढ्याच्या उडवीशेजारी गाडी उभी केली की उंदीर वायरी कुरतडतात. साध्या गाडीची वायर गावातला माणूस जोडतो. या गाडीची वायर तुटली की पुढच्या फळीवर दिवे लागतात आणि खिशातला दिवा विझतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचे, पाणी. उल्हास नदी काय करते हे तुम्हाला मी काय सांगू! 26 जुलै 2005 चा पूर आपण पाहिला. जुलै 2019 मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजाराच्या वर माणसे बोटींनी बाहेर काढावी लागली. अशा प्रत्येक पुरात शेकडो मोटारी बुडतात. त्या सगळ्याच भंगारात जात नाहीत. काही धुऊन-पुसून, अत्तर मारून पुन्हा बाजारात येतात. म्हणून जुनी गाडी पाहताना सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते का पाहा. पायाखालचा गालिचा उचला. सीटखालच्या स्क्रूंना गंज आहे का, बोट फिरवून बघा. जिथे कुबट वास अत्तराने झाकला असेल तिथून सरळ घरी या.

कागदांचेही तसेच. चासीवरचा क्रमांक आणि नोंदणीपुस्तकातला क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी आपल्याच देशात बनलेल्या 'अवंती' या दोन आसनी स्पोर्ट्स कारचे प्रकरण बाहेर काढले. एकाच चासी क्रमांकाची गाडी दोन राज्यांत नोंदल्याचा आरोप त्यात होता. पुस्तकात बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी परराज्यातली असेल तर तिकडचा ना-हरकत दाखला हवा आणि इथला करही भरावा लागतो. स्वस्ताईचे गणित बहुधा इथेच बिघडते. थकलेले चलन परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर दिसते, ते घरातल्या कॉलेजच्या मुलीला बघायला सांगा.

तुम्ही जुनी गाडी विकणारे असलात तरी सावध राहा. कल्याणच्या आरटीओत नाव बदलेपर्यंत मालक तुम्हीच. 2018 साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली, पण पुस्तकात नाव पहिल्याचेच राहिले. अपघातात एक मूल दगावले. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी पुस्तकातल्या माणसावर टाकली. विक्रीचा अर्ज स्वतः जाऊन द्या, एजंटाच्या भरवशावर राहू नका.

नवी गाडी म्हणजे सगळे सोने, असेही नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत तिची किंमत भराभर उतरते. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरांच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर जीएसटी 18 टक्के आहे, त्याहून मोठीवर 40. थारमध्ये लहान डिझेल इंजिनाची पहिल्या गटात बसते, मोठ्या इंजिनाची दुसऱ्यात, आणि बाहेरून दोघी जुळ्या बहिणी! विक्रेत्याला इंजिन आधी विचारा, रंग नंतर.

मला विचाराल तर मी धाकट्याच्या बाजूचा. गॅरंटी असते, विमा पूर्ण मिळतो, रात्री झोप लागते. थोरल्याला मात्र एक वाट ठेवतो. गाडी एकाच हातची असेल, कंपनीत झालेल्या दुरुस्तीच्या सगळ्या पावत्या असतील, आणि किमतीच्या निदान चौथाई रक्कम दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात, आईच्या नावावर ठेवायची तयारी असेल, तर बघावी. ते खाते काढायला तो तयार होतो का, तेवढे आधी पाहा. नुसते लग्नाच्या वरातीत मिरवायचे असेल तर अशी गाडी एका दिवसाच्या भाड्याने मिळते.

आणि धाकट्यालाही एक काम सांगा. दुकानात गाडी पाहायला जाताना आजीला सोबत न्या. दोन दारांच्या गाडीत पुढची सीट वाकवून, पाय उंच टाकून तिला मागे चढता येते का, ते तिथेच पाहून घ्या. कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे तिलाच न्यायचे आहे.