हस्तधारी फंडस कॅमेऱ्याची जुळणी

डोळ्याच्या आतील मागच्या भागाचे, म्हणजे दृष्टिपटलाचे, छायाचित्र घेण्यासाठी हातात धरता येणारा छोटा कॅमेरा रुग्णाच्या बाहुलीसमोर योग्य ठिकाणी, योग्य अंतरावर व योग्य कोनात आणण्याच्या क्रियेस हस्तधारी फंडस कॅमेऱ्याची जुळणी म्हणतात. टेबलावर बसवलेल्या मोठ्या यंत्रात रुग्णाची हनुवटी व कपाळ आधारावर टेकवलेले असते आणि कॅमेरा दांड्याच्या साहाय्याने सरकवला जातो. हस्तधारी यंत्रात हे सर्व काम चालकाच्या हाताला करावे लागते. छायाचित्राचे क्षेत्र जितके रुंद, तितकी चुकीला जागा कमी उरते. कारण रुंद कोनातील किरणही त्याच लहानशा बाहुलीतून जावे-यावे लागतात आणि जुळणी बिघडली की प्रथम कडेचे किरण अडतात.

पार्श्वभूमी

जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये नेत्रदर्शकाचे वर्णन प्रसिद्ध केले व जिवंत माणसाचे दृष्टिपटल पाहणे शक्य झाले. स्वीडिश नेत्रतज्ज्ञ आल्व्हार गुलस्ट्रँड (१९११ चे नोबेल पारितोषिक विजेते) यांनी डोळ्यात जाणारा प्रकाश व बाहेर येणारा प्रकाश यांचे मार्ग वेगळे ठेवण्याचे तत्त्व मांडले. त्याच तत्त्वावर आधारलेला झाइस-नॉर्डेन्सन कॅमेरा १९२६ मध्ये बाजारात आला. पुढे अंकीय संवेदक, एलईडी दिवे व स्मार्टफोन यांमुळे हीच रचना हातात मावेल इतकी लहान झाली.

प्रकाशाचा मार्ग

फंडस कॅमेरा दिव्याचा प्रकाश बहुधा वलयाच्या आकारात बाहुलीवर पाडतो. प्रकाश वलयातून आत जातो आणि दृष्टिपटलावरून परतणारा प्रकाश वलयाच्या मधल्या मोकळ्या भागातून कॅमेऱ्यात येतो. हे दोन मार्ग एकमेकांत मिसळले, तर पारपटलावरून होणारे तीव्र परावर्तन चित्रावर पसरते. म्हणून वलयाचे केंद्र व बाहुलीचे केंद्र एकाच रेषेत असणे ही जुळणीची पहिली अट आहे.

बाहुली न फैलावता वापरायच्या यंत्रांत जुळणी अवरक्त प्रकाशात केली जाते. हा प्रकाश रुग्णास जवळजवळ जाणवत नाही, त्यामुळे बाहुली आकुंचन पावत नाही. जुळणी पूर्ण झाल्यावरच पांढरा झोत क्षणभर चमकतो. झोतानंतर बाहुली लहान होते. म्हणून पुढील छायाचित्रापूर्वी काही मिनिटे थांबावे लागते. बाहुलीचा व्यास साधारण ४ मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास कडा काळवंडतात.

विस्तृत कोन

नेहमीच्या फंडस छायाचित्राचे क्षेत्र ३० ते ४५ अंश असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या सहमतीनुसार, चारही चतुर्थांशांत आवर्त शिरांपर्यंतचा भाग दाखवणाऱ्या चित्रास विस्तृत-क्षेत्र (सुमारे ६० ते १०० अंश) व त्यापलीकडचा भाग दाखवणाऱ्या चित्रास अतिविस्तृत-क्षेत्र (सुमारे ११० ते २२० अंश) म्हणतात.

यंत्रांची तुलना करताना कोन कोठून मोजला आहे हे पाहावे लागते. तोच भाग बाहुलीपासून मोजला तर कोन लहान येतो व नेत्रगोलाच्या केंद्रापासून मोजला तर साधारण दीडपट येतो.

अनेक हस्तधारी कॅमेऱ्यांचे एका चित्रातील क्षेत्र ४० ते ४५ अंशांच्या आसपास असते. अशा यंत्राने रुंद क्षेत्र मिळवण्यासाठी रुग्णाची नजर वेगवेगळ्या दिशांना वळवून अनेक चित्रे घेतात व ती जोडतात.

जुळणीचे टप्पे

१. खोली अंधारी करून रुग्णाला आधार असलेल्या आसनावर बसवतात. चालक यंत्र एका हाताने धरतो व दुसऱ्या हाताची बोटे रुग्णाच्या कपाळावर टेकवून पापणी अलगद वर धरतो. या टेकूमुळे रुग्णाचे डोके हलले तरी कॅमेराही सोबत हलतो.

२. कॅमेरा थोडा दूर ठेवून प्रथम बाहुली पडद्याच्या मध्यभागी आणतात.

३. बाहुली मध्यभागी ठेवूनच कॅमेरा सावकाश पुढे नेतात. ठरावीक अंतरावर बाहुलीची कडा दिसेनाशी होते व दृष्टिपटल पडदा व्यापते. हे अंतर यंत्रानुसार बदलते, परंतु बहुधा काही सेंटिमीटरच असते.

४. रक्तवाहिन्या स्पष्ट दिसेपर्यंत केंद्रीकरण करतात. येथे रुग्णाच्या चष्म्याच्या क्रमांकाची भरपाई होते.

५. मध्यवर्ती चित्रानंतर नजर वळवतात. दृष्टिपटलाचा जो भाग हवा, त्या दिशेला रुग्णाने पाहावे: वरचा भाग हवा असल्यास वर, नाकाकडचा हवा असल्यास नाकाकडे.

पाचव्या टप्प्यात सर्वाधिक चुका होतात. नेत्रगोलाचे परिभ्रमणकेंद्र बाहुलीच्या मागे सुमारे १० मिलिमीटरवर असते. त्यामुळे डोळा २० अंश वळला की बाहुली जवळजवळ साडेतीन मिलिमीटर बाजूला सरकते आणि समोरून लंबवर्तुळाकार दिसते. कॅमेरा जागच्या जागी राहिला, तर झोत बुबुळावर आदळतो. म्हणून नजरेच्या प्रत्येक बदलानंतर दुसऱ्या टप्प्यापासून जुळणी पुन्हा करावी लागते.

चित्रातील दोष व त्यांची कारणे

* एका बाजूस चंद्रकोरीसारखी सावली किंवा धूसरपणा: कॅमेरा बाहुलीच्या केंद्रापासून सरकला आहे.
* कडेभोवती सर्वत्र धूसर वा काळसर वलय: अंतर चुकले आहे किंवा बाहुली लहान आहे.
* कडेला पांढरे पट्टे: पापणीचे केस आड आले आहेत.
* सर्व रुग्णांच्या चित्रांत एकाच जागी दिसणारा ठिपका: भिंगावर धूळ आहे.
* जुळणी व केंद्रीकरण ठीक असूनही संपूर्ण चित्र धूसर: मोतीबिंदूची शक्यता असते.

मुंबईतील उपयोग

२०१८ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या दवाखान्यांत येणाऱ्या मधुमेही रुग्णांची स्मार्टफोनवर आधारित फंडस कॅमेऱ्याने तपासणी करण्यात आली. नेत्रतज्ज्ञ डॉ. एस. नटराजन व सहकाऱ्यांच्या या अभ्यासात प्रत्येक डोळ्याची मध्यवर्ती, नाकाकडील व कानाकडील अशी तीन क्षेत्रे टिपली गेली. फोनवरच, इंटरनेटविना चालणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रणालीने त्यांचे वाचन केले. पुढील उपचारास पाठवण्याजोगा विकार ओळखण्यात या प्रणालीची संवेदनशीलता १०० टक्के व विशिष्टता ८८.४ टक्के आढळली. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

अकाली जन्मलेली बालके

नवजात बालक सांगितलेल्या दिशेला पाहू शकत नाही. त्यामुळे त्याच्यासाठी स्पर्शी कॅमेरा वापरतात: डोळ्यात बधिरीकरणाचे थेंब टाकून, पापण्या उघड्या ठेवून, जेल लावलेले भिंग पारपटलावर टेकवले जाते. येथे अंतराचा प्रश्न उरत नाही. दिशा कॅमेरा कलता करून बदलतात. रेटकॅम या यंत्राचे क्षेत्र १३० अंश, तर बंगळुरूच्या फोरस हेल्थ कंपनीच्या सुटसुटीत 'थ्रीनेत्र निओ'चे सुमारे १२० अंश आहे. भिंग जोराने दाबल्यास रक्तवाहिन्या फिक्या व बारीक दिसतात आणि विकाराची तीव्रता कमी भासू शकते. भारतातील मार्गदर्शक सूचनांनुसार २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बालकांची पहिली तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हावी लागते. म्हणून वाया गेलेल्या छायाचित्रासाठी पुढची तारीख देणे येथे धोक्याचे ठरते.

महत्त्व व मर्यादा

मधुमेही दृष्टिपटलविकारात आरंभी दृष्टी चांगली असते व वेदना होत नाहीत. बारामती तालुक्यातील कन्हेरीसारख्या गावातील रुग्णाला मोठ्या यंत्रापर्यंत जाण्याऐवजी यंत्रच गावात आणता येणे, हा हस्तधारी कॅमेऱ्याचा मुख्य लाभ आहे. मात्र कडेचा भाग काळा आलेले चित्र 'दोष आढळला नाही' असे नोंदले गेल्यास तपासणीचा हेतूच फसतो. न दिसलेला भाग निरोगी मानता येत नाही. असे चित्र 'वाचनायोग्य नाही' असे नोंदवून ते पुन्हा घ्यावे. पुन्हाही न जमल्यास, बाहुली फैलावून तपासणीसाठी रुग्णास नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. छायाचित्रण हे चाळणीचे साधन आहे. नेत्रतज्ज्ञाच्या पूर्ण तपासणीची जागा ते घेत नाही.

हेही पाहा

* दृष्टिपटल
* मधुमेह
* मोतीबिंदू