इतिहासकार पालात्स्की

युरोपच्या मध्यभागी चेक लोकांचा देश आहे. तेथे पूर्वी ऑस्ट्रियाच्या सम्राटाचे राज्य होते. कचेऱ्यांत मान जर्मन भाषेला असे. चेक भाषा ही खेडुतांची, असे शिकलेल्यांना वाटे. अशा काळात, १७९८ साली, मोराव्हियातील एका शिक्षकाच्या घरी फ्रांतिशेक पालात्स्की यांचा जन्म झाला.

जुनी दफ्तरे धुंडाळून त्यांनी आपल्या लोकांचा इतिहास लिहावयास घेतला. नवल असे, की त्याचा पहिला खंड १८३६ साली जर्मनमध्येच निघाला! चेक खंड १८४८ पासून निघू लागले. त्याच वर्षी जर्मन राष्ट्राच्या ऐक्यासाठी फ्रँकफुर्ट येथे सभा भरणार होती. तिच्या तयारीसाठी पालात्स्कींना बोलावणे आले. आपण स्लाव वंशाचे चेक आहोत, असे कळवून त्यांनी ते नाकारले. ऑस्ट्रियाचे राज्य मोडावे, असे मात्र त्यांना वाटत नव्हते. त्याच छत्राखाली लहान राष्ट्रांना समान हक्क मिळावेत, एवढीच त्यांची मागणी होती. जूनमध्ये प्राग येथे भरलेल्या स्लाव परिषदेचे ते अध्यक्ष झाले.

पुढे १८६७ साली सम्राटाने हंगेरीला बरोबरीचा दर्जा दिला. चेकांना दिला नाही. पालात्स्कींची आशा मावळली, पण लेखणी थांबली नाही. १८७६ साली चेक ग्रंथ पुरा झाला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. ऑस्ट्रियाचे राजघराणे चेकांच्या सिंहासनावर आले ते १५२६ साली. पालात्स्कींचा इतिहास तेथेच संपतो.