बुद्ध खरोखर होऊन गेले का?
संस्थापकांच्या शोधात : भाग ६

चुंद लोहाराकडचं जेवण बाधलं. ऐंशीच्या घरातले बुद्ध रक्ताच्या हगवणीनं हैराण झाले, तरी कुसिनारेच्या वाटेला लागले. वाटेत थकून एका झाडाखाली बसले, शिष्य आनंदाला म्हणाले, पाणी आण. आनंद कचरला. ओढ्यातून नुकत्याच पाचशे गाड्या गेल्या होत्या, पाणी गढूळ झालं होतं. बुद्धांनी पुन्हा पुन्हा सांगितलं तेव्हा तो गेला, तर पाणी नितळ झालेलं!

पाली ‘महापरिनिब्बान सुत्ता’तला हा प्रसंग. हगवण आणि चमत्कार इथं शेजारी शेजारी नांदतात. यातलं घडलेलं काय आणि नंतर जोडलेलं काय, या प्रश्नानं अभ्यासकांना दोनशे वर्षं गुंतवून ठेवलं आहे.

फ्रेंच पंडित एमिल सेनार यांनी १८७५मध्ये बुद्धचरित्राचा मोठा भाग सूर्यकथेतून आल्याचं मांडलं. पुढे १८९६मध्ये नेपाळच्या तराईत, लुंबिनीला, अशोकाचा स्तंभ सापडला. त्यावरचा लेख जेमतेम पाच ओळींचा. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर राजा स्वतः इथं आला, शाक्यमुनी बुद्ध इथं जन्मले म्हणून त्यानं पूजा केली, गावाचा ‘बली’ हा कर माफ केला आणि पिकातला राजाचा वाटा आठव्या हिश्शावर आणला. काळ साधारण इ.स.पू. २४९. जन्मगाव थेट सारामाफीच्या हिशेबात नोंदलं गेलं, याहून भक्कम पुरावा तो कोणता, असं कुणालाही वाटेल.

पण त्याच परिसरात, निगाली सागर इथं अशोकाचा आणखी एक स्तंभलेख आहे. कोणागमन बुद्धांचा स्तूप आपण वाढवला, असं राजा त्यात सांगतो. हे कोणागमन म्हणजे परंपरेनं मानलेले, गौतमांच्याही आधीच्या युगातले बुद्ध. त्यांना ऐतिहासिक व्यक्ती कुणी मानत नाही. म्हणजे अशोकाच्या काळी लोक काय मानत होते, एवढंच स्तंभ खात्रीनं सांगतो. बुद्धांचा मृत्यू अनेक अभ्यासक इ.स.पू. ४८३ ते ४०० च्या दरम्यान धरतात. स्तंभ उभा राहिला तेव्हा त्याला दीड ते अडीच शतकं लोटली होती. याच फटीवर बोट ठेवून डेव्हिड ड्र्यूझ यांनी २०१७मध्ये लिहिलं की, बुद्धांना ऐतिहासिक व्यक्ती म्हणण्याइतका पुरावा आपल्यापाशी नाही.

मग भिस्त उरते ग्रंथांवर, आणि तिथं सर्वात मोलाच्या ठरतात अडचणीच्या गोष्टी. भक्तानं रचलेल्या कथेत गुरूला असलं दुखणं कशाला येईल? मृत्यू तरी एखाद्या राजधानीत यावा! आनंदालाही तेच वाटतं. चंपा, राजगृह, श्रावस्ती, वाराणसी अशी मोठी नगरं असताना कुसिनारेसारख्या आडगावात देह ठेवू नका, अशी तो विनवणी करतो. उत्तरादाखल बुद्ध सांगतात की, हीच एके काळी कुशावती नावाची वैभवशाली राजधानी होती. हे उत्तर म्हणजे सरळसरळ सारवासारव आहे. कुसिनारा बदलता येत नव्हती, म्हणूनच ती करावी लागली. साक्ष बाहेरूनही मिळते. बुद्धांच्या कथेतले मगधाचे राजे बिंबिसार आणि अजातशत्रू जैन ग्रंथांत श्रेणिक आणि कूणिक म्हणून भेटतात.

या निवडटिपणात गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांचं काम मोठं आहे. सिलोनात पाली शिकून आलेल्या कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथात चरित्राचे थर एकेक करून सोडवले. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्र घराबाहेर पडला, ही घरोघरी ठाऊक असलेली कथा ‘महापदान सुत्ता’त विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धांबद्दल आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. ‘अरियपरियेसन सुत्ता’त तर गौतम रात्री गुपचूप निघून जात नाहीत. आईवडील रडत असताना, त्यांच्यादेखत ते मुंडण करून घर सोडतात.

असं सोलत गेल्यावर राजवाडा जातो, सारथी जातो, गढूळ पाणी क्षणात निवळणंही जातं. उरतो तो शाक्य कुळातला, मगध-कोसलात पायी हिंडून शिकवणारा आणि कुसिनारेत देह ठेवणारा एक म्हातारा भिक्खू. हाती असलेला पुरावा त्याच्याच बाजूनं झुकतो.

पुढच्या आठवड्यात चीनमधले लाओत्से. इ.स.पू. १०० च्या सुमारास इतिहासकार सिमा च्येन यांनी त्यांचं चरित्र लिहायला घेतलं, तेव्हा त्यांच्या हाती एकाऐवजी तीन माणसं लागली.