सदाशिवरावभाऊ : बखरीतील आणि पडद्यावरील

सदाशिवरावभाऊंच्या जीवनावरील ‘पानिपत’ हा आशुतोष गोवारीकर दिग्दर्शित हिंदी चित्रपट ६ डिसेंबर २०१९ रोजी प्रदर्शित झाला. वादग्रस्त सेनापतीचे चरित्र पडद्यावर येताना त्या वादाचे काय होते, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

बारामती-इंदापूर परिसरातील अभ्यासकास हा विषय परका वाटू नये. इंदापूरने मालोजीराजांच्या रणमृत्यूची स्मृती जपली. त्या स्मृतीवर आक्षेपाची छाया नाही. भाऊंच्या वाट्याला असे निर्मळ वीरमरण आले नाही. बारामतीशी तर त्यांचे नातेच होते. त्यांची आत्या भिऊबाई बारामतीच्या आबाजी नाईक जोशी यांना दिलेली होती. आबाजींचे बंधू बाबूजी नाईक हे सावकार, पेशव्यांचे प्रतिस्पर्धी आणि (वाङ्मयाच्या अभ्यासकाने विसरू नये असे) मोरोपंतांचे आश्रयदाते.

‘भाऊसाहेबांच्या बखरी’त मल्हारराव होळकर व सूरजमल जाट सल्ला देतात, की बायकामुले, बुणगे आणि जड तोफखाना मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे. भाऊ तो अव्हेरतात. बखरकार हा दोष त्यांच्या पदरात घालतो आणि तरीही त्यांच्यासाठी हळहळतो. दोष आणि हळहळ यांचे हे सहअस्तित्व हेच त्या गद्याचे बळ होय. पुढे त्र्यं. शं. शेजवलकरांनी भाऊंची बाजू साक्षेपाने मांडली. पण तीही आक्षेपांना सामोरे जाऊनच.

चित्रपटात सूरजमल मदतीच्या मोबदल्यात आग्रा मागतो आणि नकार मिळताच दूर होतो. या चित्रणाविरुद्ध राजस्थानात निदर्शने झाली व चित्रपटातील काही भाग वगळावा लागला. युद्धानंतर वाताहत झालेल्या मराठ्यांना सूरजमलाने आश्रय दिला होता, हे ध्यानात घेता तो रोष निराधार म्हणवत नाही. आमच्या मते हानी वाङ्मयीनही आहे. सल्लागाराचा सौदागर झाला की सल्ल्याचे वजन जाते. मग भाऊंपुढे कठीण निर्णय उरत नाही, केवळ इतरांचा दगा उरतो. नायक निर्दोष होतो, परंतु शोकनायक राहत नाही.

१४ जानेवारी १७६१ नंतरची हकीकत तर याहून नाट्यपूर्ण आहे. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. भाऊ म्हणवणारा तोतया प्रकटला, त्याला अनुयायी मिळाले आणि १७७६ मध्ये त्यास देहदंड झाला. न. चिं. केळकरांना त्यातून ‘तोतयाचे बंड’ हे नाटक सुचले. चरित्रपटाच्या कर्त्यांसाठी तो भाग अद्याप मोकळाच आहे.