न बोललेल्या दुःखाची कैफियत

खेळता खेळता मूल पडले, गुडघा फुटला आणि ते रडत घरी आले, तर काय करावयाचे याविषयी आपल्या घरांत कोणाच्याही मनात संदेह नसतो. कोणी पाणी आणतो, कोणी हळद चेपतो, आजी पदराने डोळे पुसते, आणि चार दिवसांत खपली धरून जखम भरून येते. परंतु तेच मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले आणि एखादा शब्द, एखादा अपमान, एखादा वियोग त्याच्या मनाला लागला, म्हणजे त्याच घरातून त्याला एवढेच ऐकू येते की, मनाला लावून घेऊ नकोस. शरीराला लागले तर उपचार आणि मनाला लागले तर उपदेश, ही आपली जुनी वहिवाट आहे. या वहिवाटीत ज्यांचे दुःख कोठेच रुजू होत नाही अशी काही मुले असतात. मनाला लागलेले कोणाला सांगता येत नाही म्हणून ती आपल्याच शरीराला इजा करून घेतात, आणि ती इजा झाकून, जणू काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने शाळेत जातात, पंगतीला बसतात, गृहपाठ पुरा करतात. अशा मुलांविषयी, आणि त्यांच्या बरे होण्याविषयी, अमेरिकेत कुमारवयीन वाचकांसाठी काही कादंबऱ्या लिहिल्या गेल्या आहेत. त्यांतील दोन-तीन पुस्तकांचा परिचय करून द्यावा आणि ती वडीलधाऱ्यांनीही का वाचावीत हे सांगावे, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. मराठीत ‘आत्मक्लेश’ असा एक भारदस्त शब्द आहे. परंतु त्यात तपश्चर्येचा आणि प्रायश्चित्ताचा भाव आहे, आणि सार्वजनिक जीवनात तर तो उपोषणाच्या मांडवात उच्चारला जातो, म्हणजे तो चारचौघांनी पाहावा असा क्लेश आहे. ज्या मुलांविषयी आपण बोलत आहोत त्यांचे दुःख याच्या नेमके उलट असते. ते कोणाच्या दृष्टीस पडू नये यासाठीच त्यांची सारी धडपड चाललेली असते. सबब, ‘स्वतःला इजा करून घेणे’ हा साधा शब्दप्रयोगच येथे अधिक प्रामाणिक होय.

‘ही लक्ष वेधून घेण्याची नाटके आहेत,’ असा निकाल वडील माणसे पुष्कळदा देऊन टाकतात. पण वैशाखाच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा कुडता घालून वावरणारी मुलगी लक्ष चुकवीत असते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. बहुधा बारा ते चौदा या वयात या गोष्टीचा आरंभ होतो, आणि निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचे आकडे एकत्र मांडले असता सुमारे सहा कुमारवयीनांपैकी एकाने कधी ना कधी असे केलेले असते, असे आढळते. मृत्यूची इच्छा प्रत्येक वेळी तेथे असतेच असे नाही; म्हणूनच अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने 2013 साली प्रसिद्ध केलेल्या निदानग्रंथात, आत्महत्येचा हेतू नसलेल्या स्वतःच्या इजेचा, पुढील अभ्यासास योग्य असा स्वतंत्र विषय म्हणून निर्देश केला. तथापि अशा मुलांच्या बाबतीत पुढे आत्महत्येचा धोका वाढतो हेही तितकेच खरे असल्यामुळे, हे वय असेच असते असे म्हणून या गोष्टीकडे काणाडोळा करता येत नाही. असह्य भावनेचा लोंढा, किंवा कधी याउलट सारे काही बधिर होऊन गेल्याची भीती, यांतून मूल क्षणभराची सुटका शोधते. ती सुटका अल्पजीवी असते, तिच्यामागून लाज येते, लाजेतून एकटेपणा येतो, आणि एकटेपणातून पुन्हा तोच लोंढा. या चक्राला तडा जातो तो कोणीतरी ऐकणारे भेटले म्हणजे, आणि येथेच साहित्याचा संबंध येतो.

या परंपरेचे मूळ शोधू गेल्यास 1964 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आय नेव्हर प्रॉमिस्ड यू अ रोझ गार्डन’ या कादंबरीपाशी थांबावे लागते. ती लिहिली जोअॅन ग्रीनबर्ग यांनी. परंतु मनोरुग्णालयात काढलेल्या दिवसांची ती कैफियत त्या काळी स्वतःच्या नावाने मांडणे अवघड वाटल्यामुळे पुस्तकावर नाव छापले गेले ते ‘हॅना ग्रीन’ असे. मेरीलँड राज्यातील चेस्टनट लॉज या रुग्णालयात त्यांच्यावर उपचार करणाऱ्या फ्रीडा फ्रॉम-राइशमन या जर्मनीहून परागंदा होऊन आलेल्या विदुषी होत्या, आणि कादंबरीतील डॉक्टर फ्रीड हे त्यांचेच चित्र आहे. शीर्षकाचा आशय असा की, बरे झाल्यावर जग म्हणजे गुलाबांचा ताटवा होईल असे आश्वासन मी तुला कधीच दिले नव्हते; मी दिले ते सत्याला सामोरे जाण्याच्या लढाईत सोबत राहण्याचे. हे पुस्तक मुलांसाठी म्हणून लिहिलेले नव्हते, परंतु सोळा वर्षांच्या डेबोराची ती कथा सोळा वर्षांच्या वाचकांनीच आपली मानली.

पुढे 2000 साली पॅट्रिशिया मॅककॉर्मिक या पत्रकार-लेखिकेची ‘कट’ ही छोटेखानी कादंबरी आली, आणि ती थेट कुमारांनाच उद्देशून होती. हिची नायिका कॅली पंधरा वर्षांची आहे, शाळेच्या संघातून लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारी आहे, आणि ‘सी पाइन्स’ नावाच्या निवासी उपचारकेंद्रात येऊन पडल्यापासून ती एक शब्दही बोललेली नाही. आरंभीच्याच प्रसंगात डॉक्टरीणबाई पुढे झुकून कागदी रुमालांची पेटी तिच्यासमोर ठेवतात, त्यांची काळी चामडी खुर्ची करकरते, आणि मग खोलीत शांतता पसरते. मुलगी गप्प बसलेली असते. पण वाचकाच्या हातातील संपूर्ण पुस्तक हे तिने मनातल्या मनात त्या बाईंना उद्देशून केलेले बोलणेच आहे. ओठ मिटलेले आणि आत अखंड निवेदन चालू, अशी ही रचना केवळ कारागिरी म्हणून केलेली नसून, या दुःखाचे स्वरूपच असे असल्यामुळे ती अपरिहार्य ठरली आहे. हे पुस्तक मराठीत आणू पाहणाऱ्याला पहिल्याच पानावर एक निर्णय घ्यावा लागेल. इंग्रजीला एकच ‘यू’ पुरतो, परंतु मराठी कॅली आपल्या डॉक्टरीणबाईंना ‘तुम्ही’ म्हणेल, आणि त्या परक्या, आदराच्या ‘तुम्ही’त विश्वासाची ऊब कोणत्या पानावर येऊ लागते हे अनुवादकाला डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल.

कॅलीच्या घरी तिचा धाकटा भाऊ सॅम दम्याने आजारी आहे. आईचे सारे जीवन त्या मुलाच्या श्वासाभोवती आवळले गेले आहे, वडील काही ना काही सबबीने घराबाहेर राहतात, आणि या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत उभी असलेली ही मुलगी, भावाच्या दुखण्याची सारी जबाबदारी कोणी न सांगता स्वतःच्या शिरावर घेऊन बसली आहे. मोठ्यांच्या गैरहजेरीची किंमत लहान मूल अपराधी भावनेच्या रूपाने भरते, हे या कादंबरीतले सर्वांत खोल निरीक्षण आहे, आणि ते लेखिका कोठेही व्याख्यान न देता घडवून दाखवते. शेवटाकडे कॅली केंद्रातून पळून जाते, दूर पोहोचल्यावर घरी दूरध्वनी करते, वडील तिला न्यायला येतात, त्या दोघांत प्रथमच खरे बोलणे होते, आणि मग ती मुलगी आपण होऊन सांगते की, मला परत केंद्रात पोहोचवा. घरी जाण्याची वाट मोकळी असताना उपचाराकडे आपल्या पायांनी परतणे, हाच येथे विजय आहे. याच लेखिकेने पुढे नेपाळात आणि भारतात हिंडून, कोलकात्यात विकल्या गेलेल्या एका नेपाळी मुलीची कथा ‘सोल्ड’ या नावाने 2006 साली लिहिली. ज्यांना वाचा नाही त्यांची जबानी नोंदवून घेणे हेच जणू तिने आपले काम मानले.

2016 साली आलेली कॅथलीन ग्लासगो यांची ‘गर्ल इन पीसेस’ ही अधिक विस्तृत आणि अधिक कठोर आहे. सतरा वर्षांची चार्ली वडिलांना अंतरलेली, आईच्या घरात थारा नसलेली, काही काळ रस्त्यावर राहिलेली अशी आहे, आणि तिला उपचारकेंद्रात सुरक्षितपणे टेकते न टेकते तोच, पैशांची तजवीज संपली म्हणून, बाहेर पडावे लागते. मिनेसोटातील थंडीतून ती अॅरिझोनातील टूसॉन शहरी येते, एका कॉफीच्या दुकानात भांडी घासण्याचे काम धरते, चुकीच्या माणसावर जीव लावते, पुन्हा कोसळते, आणि पुन्हा उभी राहते. शब्द सापडत नाहीत तेव्हा ती कोळशाने चित्रे काढते. बरे होणे हा एका सकाळी घडणारा चमत्कार नसून महिनोन् महिने चालणारे, मागेपुढे होणारे काम आहे, त्यात पाय घसरला म्हणून आधीची चाल वाया जात नाही, हे या पुस्तकाचे सांगणे आहे. स्वतः लेखिकेने आपल्या तारुण्यात हे दुःख भोगले होते, आणि आपण एकटेच आहोत असे ज्या वाचकाला वाटते त्याच्यासाठी तिने हे पुस्तक लिहिले.

अशा पुस्तकांवर आक्षेप होणे स्वाभाविक होते. 2011 सालच्या जून महिन्यात ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधील एका लेखात, कुमारसाहित्य फार काळोखे झाले असून त्याने मुलांसमोर विकृतीच नेहमीची म्हणून उभी केली आहे, अशी फिर्याद मांडण्यात आली, तिला उत्तर म्हणून असंख्य वाचकांनी, या पुस्तकांनी आम्हाला तारले, असे जाहीरपणे लिहिले. योगायोगाने त्याच महिन्यात मार्शा लिनेहॅन या विख्यात मानसशास्त्रज्ञ विदुषीने, कनेक्टिकटमधील ज्या रुग्णालयात 1961 साली वयाच्या सतराव्या वर्षी तिला दाखल करण्यात आले होते, त्याच रुग्णालयात उभे राहून सांगितले की, मीही अशीच एक मुलगी होते. भावनांचा लोंढा सहन कसा करावा, मदत कशी मागावी, आलेला क्षण कसा पार पाडावा, ही कौशल्ये पायरीपायरीने शिकविणारी जी उपचारपद्धती आज जगभर वापरली जाते, तिची ती जनक होती. आपल्या पूर्वायुष्याविषयी ती अनेक दशके मौन पाळून होती. एकीकडे या दुःखाविषयी बोलू नये अशी मागणी आणि दुसरीकडे पन्नास वर्षांचे मौन सोडणारी ती वृद्ध स्त्री, ही दोन दृश्ये शेजारी शेजारी ठेवली म्हणजे कोणते अधिक हितकर, हे मला निराळे सांगण्याची गरज वाटत नाही.

तरीही आक्षेपात तथ्यांश आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. 1774 साली गटेची ‘वेर्थर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर तिच्या नायकाच्या आत्महत्येचे अनुकरण होत असल्याची चिंता युरोपभर पसरली होती. आणि अलीकडे, जे अॅशर यांच्या 2007 सालच्या ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ या कादंबरीवर बेतलेल्या मालिकेत 2017 साली मृत्यूचे जे तपशीलवार दृश्य दाखविले गेले, ते तज्ज्ञांच्या तीव्र टीकेनंतर 2019 साली काढून टाकावे लागले. याच्या उलट, 2010 साली व्हिएन्ना येथील संशोधकांनी दाखवून दिले की, संकटात सापडलेल्या माणसाने त्यातून वाट कशी काढली हे सांगणारा मजकूर वाचकांचे रक्षण करू शकतो. आणि मोत्सार्टच्या ‘जादूची बासरी’ या संगीतिकेत निराश झालेल्या पापागेनोला तीन बालके वेळीच दुसरी वाट दाखवतात, म्हणून या परिणामाला त्यांनी त्याचेच नाव दिले. यावरून पुस्तकाची पारख करण्याची एक साधी कसोटी हाती येते: लेखक जखमेच्या तपशिलात रमतो, की भरून येण्याच्या तपशिलात? साधनांची वर्णने करणारे, वेदनेला सौंदर्याचा मुलामा देणारे पुस्तक बाजूला ठेवावे. ज्यात कोणी ऐकणारे आहे, मदत मागणे आहे आणि पुन्हा पुन्हा उठणे आहे, ते मुलांच्या हाती निःशंकपणे द्यावे.

आपल्याकडे कुमारसाहित्याचा मुख्य ओघ साहस, विनोद, विज्ञान आणि संस्कार या वाटांनी वाहिला, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि 1971 पासून निघणारे ‘किशोर’ मासिक यांनी पिढ्यांचे बालपण समृद्ध केले, याची कृतज्ञता मनात आहेच. परंतु मनाच्या या अंधाऱ्या कोपऱ्याविषयी बोलण्याची रीतच मराठीला परकी आहे असे मात्र कोणी मानू नये. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ची रचना आठवून पाहा: रात्रीमागून रात्र श्याम बोलत असतो, आपल्या चुका, आपली लाज, आपले रडणे सांगत असतो, आणि आश्रमातील सोबती त्याच्याभोवती बसून ऐकत असतात. त्या पुस्तकातील आई सर्वांच्या स्मरणात राहिली. ते ऐकणारे सोबती मात्र आपण विसरलो. आज एखाद्या मराठी लेखकाने चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची ही न बोललेली कैफियत लिहावयास घेतली, तर त्याला परदेशी नमुन्याची गरज पडू नये. सांगणारा एक आणि ऐकणारे अनेक, ही बैठक आपल्या घरचीच आहे.

तोवर वाचकांना, विशेषतः आईवडिलांना आणि शिक्षकांना, एवढीच विनंती आहे. मुलाच्या हातावर व्रण दिसले तर ओरडू नये, शपथा घालू नयेत, झडती घेऊ नये. तुला काय झाले ते मला सांग, मी रागावणार नाही, असे शांतपणे म्हणावे, आणि त्याला घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे जावे. केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केलेल्या ‘टेली मानस’ या सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस आणि विनामूल्य उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. जे मूल हे वाचत असेल त्यानेही तो लिहून ठेवावा. आणि मुलाच्या दप्तरात अशा विषयावरचे एखादे पुस्तक सापडले, तर ते जप्त करू नका. त्याच्याकडून वाचावयास मागून घ्या, शेवटच्या पानापर्यंत वाचा, आणि मग त्याच्याजवळ जाऊन बसा.